नख लावून पाहिलेले टायर

आम्ही समुद्र बघायला गेलो होतो आणि सहा दिवस टायर बघून आलो. केळव्याचा किनारा सुंदर आहे, सुरूची बनं आहेत, हे सगळं खरं आहे आणि ते मी लिहिणारही आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर अजून काळं रबरच येतं आणि आठवलं की अजूनही संताप होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी नणंद विजू. मी नाशिकच्या शाळेत तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला, विजू दवाखान्यात नर्स होती. दोघी निवृत्त झालो आणि गेल्या दिवाळीच्या आधी एक घडीची गाडी घेतली. मोटारीच्या मागे अडकवायची दोन चाकांची पेटी असते. मुक्कामाला पोचलं की झाकण वर उचलायचं, दोन बाजूंनी गाद्या बाहेर सरकवायच्या, वर तंबू ताणायचा की घर तयार. बोईसरच्या एका कारखान्यातले इंजिनियर मोहिते यांच्याकडून ती आम्ही वापरलेली घेतली. त्यांचा ड्रायव्हर नाशिकला आणून देऊन गेला आणि कागदांवरच्या दोन सह्या राहिल्या म्हणून मोहिते म्हणाले की बोईसरला याल तेव्हा करू.

घेताना मी काही आंधळेपणाने घेतली नव्हती. तीन जाणकारांना दाखवली. तिघांनीही टायरची परीक्षा अगदी एकसारखी केली. आधी एक लाथ मारली. मग नक्षीच्या खाचेत अंगठ्याचं नख घालून बघितलं. मग टायरवरून हात फिरवून तिघांनीही सांगितलं की अजून केस आहेत, म्हणजे कोरे आहेत. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात आणि गाडी पळाली की ते झडतात, एवढं ज्ञान आपल्या देशात जन्मतःच मिळत असावं. टायर काळेभोर चमकत होते. मीही नख लावून बघितलं आणि खूश झाले.

मासवण

नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोरला आलो. घाट उतरताना गाडी मागे शहाण्यासारखी येत होती. रस्त्यात जिथं जिथं थांबलो तिथं तिथं लोक आम्हाला काहीतरी विकणाऱ्या समजत होते. जव्हारला एकाने वडापाव मागितला. विक्रमगडला एक आजोबा चष्म्याचा नंबर काढायला रांगेत उभे राहिले, रांग नसताना. विजूने त्यांचं ब्लडप्रेशर तपासून दिलं आणि ते समाधानाने गेले.

मनोर सोडून पालघरच्या रस्त्याला लागलो. मासवण जवळ आलं तेव्हा मागे मोठा आवाज झाला. स्टिअरिंग हातात जड झालं आणि मागची पेटी डावीकडून उजवीकडे झोकांडी खाऊ लागली. मी ब्रेक दाबला नाही, हे एक माझं बरोबर होतं. वेग आपोआप उतरू दिला. पण पेटी रस्त्याच्या मध्यरेषेपलीकडे गेली आणि समोरून एक मोटारसायकल येत होती. तिच्यावर एक माणूस आणि मागे त्याची बायको, मांडीवर पिशवी. तो माणूस रस्ता सोडून मातीत उतरला, पाय टेकून उभा राहिला. आमच्याकडे काही क्षण बघितलं. एक शब्द बोलला नाही आणि निघून गेला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

डाव्या चाकाचा टायर फुटला नव्हता, सोलून निघाला होता. नक्षीचा अख्खा पट्टा सुटून रस्त्यावर पडला होता आणि त्या पट्ट्यावर केस शाबूत होते.

पुढे अर्ध्या किलोमीटरवर पंक्चरचं दुकान होतं. दुकानदार मूळचा केरळचा, पण तीस वर्षं इथलाच, सगळे त्याला अण्णा म्हणतात. जॅक घेऊन तो पायी आमच्यापर्यंत आला. सोललेल्या टायरकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, सरळ उताणा होऊन गाडीखाली घुसला आणि आरसा मागितला. विजूने पर्समधला दिला. टायरच्या एकाच अंगाला लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात आणि आमच्या टायरांचं ते अंग आतल्या बाजूला होतं. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टायर कारखान्यात जन्मला तो आठवडा. अण्णाने आरशात बघून आकडे सांगितले. टायर नऊ वर्षांचा होता.

मी म्हटलं, अहो, हा जेमतेम चाललाय. त्यावर तो म्हणाला, "चलके नहीं मरता मॅडम. खडा रहके मरता है."

मग त्याने जे समजावलं ते मला तेहेतीस वर्षांत कुणी समजावलं नव्हतं. मोटारीचा टायर झिजून संपतो, कारण मोटार रोज पळते. असली गाडी वर्षात चार वेळा निघते आणि बाकीचे दिवस एकाच जागी सगळं वजन घेऊन उन्हात उभी राहते. नक्षी कोरीच राहते आणि आतलं रबर वाळून तडकतं. वरून काळं पॉलिश फासलं की ते आणखी वाळतं आणि भेगाही झाकल्या जातात. म्हणून उभी करताना चाकं जमिनीवरून उचलून ठेवायची, त्यांच्यावर गोणपाट टाकायचं, हवा सकाळी टायर थंड असताना भरायची आणि पाच-सहा वर्षांनी, नक्षी कितीही छान असो, टायर काढायचे. मोटारीचे मऊ टायर घालायचे नाहीत, लहान टेम्पोचे जाड, ओझ्याचे घालायचे. उजव्या टायरच्या चौकटीतही तेच आकडे आहेत, तोही बदला, एक आत्ता दुकानात आहे आणि दुसरा दुपारपर्यंत पालघरहून मागवतो, असं तो म्हणाला.

इथं माझं डोकं सटकलं. रस्त्यात अडलेल्या दोन म्हाताऱ्या बघून हा माणूस दुसरा टायर गळ्यात मारतोय, हे मला लख्ख दिसलं. मी त्याला ते जसंच्या तसं ऐकवलं. उजवा चांगला आहे, नाशिकपर्यंत जाईल, तिथं माझ्या ओळखीच्या दुकानातून बदलीन, असंही सुनावलं. विजू हळूच म्हणाली, "वहिनी, दोघांचं वय एकच आहे." मी तिलाही गप्प केलं.  अण्णाने डावा टायर बसवला, हवा भरली, चारही नट पुन्हा पुन्हा आवळले आणि विजूला दुकानाचा फोन नंबर दिला. मला दिला नाही.

केळवे

पालघरहून केळव्याला गेलो. तिथं दोन दिवस राहिलो आणि तिथंही मी रागावलेलीच होते. एका ठिकाणी चाकांवरचं घर आत आणायला बंदी निघाली, दुसऱ्या ठिकाणी खोलीचं भाडं भरा आणि मग खुशाल तुमच्या तंबूत झोपा असा न्याय होता. शेवटी एका वाडीत जागा मिळाली. नारळी-पोफळी, केळी आणि सावलीत वाढलेले विड्याच्या पानांचे वेल. घरच्या माणसांनी आम्हाला जागा दिली ती दिली, वर उकडहंडी जेवायला बोलावलं. कंद, वाल, रताळी आणि ओवा घालून मडक्यात शिजवलेली ती भाजी मी पहिल्यांदा खाल्ली. आमच्याकडे थंडीत हुरडा होतो तशी इथं उकडहंडी होते, म्हणजे खायला माणसं गोळा करूनच ती करायची. भाकरी मात्र तांदळाची. बाजरीवर वाढलेल्या माझ्या दातांना ती फार लवकर संपते.

वाडीतल्या वहिनी पानं टोपलीत रचत होत्या. प्रत्येक पान उलटून मागून बघायचं आणि मग ठेवायचं. मी विचारलं की वरून हिरवंगार दिसतंय की. त्या म्हणाल्या, वरून सगळीच हिरवीगार दिसतात. मला मासवणचा आरसा आठवला आणि मोहित्यांचा नव्याने राग आला. उजव्या टायरची मात्र मला आठवण झाली नाही. खरं सांगायचं तर झाली होती, पण ती मी ढकलून दिली.

बोईसर

तिसऱ्या दिवशी पालघरला परत येऊन बोईसरचा रस्ता धरला. कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्यांच्या टोलेजंग इमारती, मग उमरोळी, आणि मग रस्त्यावर टँकर वाढू लागतात. प्रत्येक टँकरला अठरा-वीस चाकं. मी त्या दिवशी जेवढी चाकं निरखून बघितली तेवढी आयुष्यात माणसं बघितली नसतील. नाक्यावर चहाला थांबलो तर कामावरून सुटलेली दोन पोरं येऊन विचारू लागली, "आंटी, क्या बेचते हो?" विजू म्हणाली, "राग." त्यांना कळलं नाही, मला कळलं.

मोहित्यांचं घर कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर. माणूस इतका सभ्य की भांडायला जागाच मिळत नव्हती. काकू बसा, काकू चहा घ्या, काकू सह्या कुठं करू. मी सोललेल्या टायरचा फोटो समोर ठेवला. त्यांनी मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "पण टायर नवेच होते काकू. नाशिकची खेप सोडली तर मी शंभर किलोमीटरसुद्धा चालवले नाहीत. केस होते त्यांच्यावर."

एका दुकानात कित्येक वर्षं पडून असलेले चार टायर त्यांना स्वस्तात मिळाले होते. आकडे त्यांनी कधी वाचलेच नव्हते. दोन टायर गाडीला लावले आणि गाडी कॉलनीच्या पार्किंगमध्ये उन्हात राहिली. मला विकण्याआधी पॉलिश मारलं, कारण पाहुण्यांसमोर जाताना आपण कपडे बदलतोच, असं त्यांचं म्हणणं. कारखान्यात हा माणूस प्रत्येक पिंपावरची तारीख बघूनच झाकण उघडत असणार. मी तसं विचारलं. ते म्हणाले, अर्थात.

मग विजूने विचारलं, "चार होते ना? बाकीचे दोन कुठं आहेत?"

ते गच्चीवर होते. गेल्या महिन्यात तेही पॉलिश मारून दिले. कॉलनीत मासे विकायला येणारी हिराबाय आहे, किनाऱ्यावरच्या दांडी गावची, तिच्या मुलाच्या टेम्पोला तोच आकार लागतो. त्या टेम्पोतून तो काय नेतो, असं मी विचारलं. मोहित्यांच्या बायकोने आतून सांगितलं की पहाटे गावातल्या बायका आणि त्यांच्या मासळीच्या पाट्या, दहा-बारा जणी असतात.

मी मोहित्यांना म्हटलं, चला, आत्ता माझ्याबरोबर दांडीला चला. त्यांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळची पाळी होती. एवढं काय काकू, म्हणाले, टेम्पोवाले असतात ते, त्यांना टायरमधलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी चहा तसाच ठेवला आणि उठले. तेहेतीस वर्षांत मी असा कोरा चेहरा फक्त गृहपाठ न करणाऱ्या हुशार मुलांचा बघितला आहे.

दांडी

बोईसर मागे पडलं की कारखान्यांचा वास थोडा वेळ बरोबर येतो आणि मग अचानक सुक्या मासळीचा वास येतो. दांडीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. गल्लीत गाडी आत घेताना एका घराच्या पायरीला घासली आणि तिथल्या आजींनी जे ऐकवलं ते मी लिहीत नाही.

हिराबायचं घर सापडायला वेळ लागला नाही. साठीच्या आसपासची, काटक, आवाज असा की समुद्रावर हाक मारली तर होडी वळावी. तिचा मुलगा हरेश टेम्पो धूत होता. मागची दोन्ही चाकं काळीभोर, कोरी. मी आधी वाकले. इथं तर आकडे बाहेरच्याच अंगाला होते, दिवसाढवळ्या, कुणीही वाचावेत असे. तेच चार आकडे.

मी हरेशला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. त्याने ऐकून घेतलं, टायरला एक लाथ मारली, खाचेत नख घातलं आणि म्हणाला, "केस हाय अजून, मॅडम." मग माझा चेहरा बघून जरा नरमला. "होळीपर्यंत चालवतो. मंग बगू."

होळीपर्यंत. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण गल्लीतली दारं उघडली एवढं आठवतं. बारा बायका रोज पहाटे त्या टायरवर बसतात, तू होळी कसली सांगतोस, तुझी आई त्यात बसते, असं मी म्हणाले. आवाज चढला होता. बायका जमल्या, त्यातल्या दोघी-तिघी त्याच टेम्पोने जाणाऱ्या. त्यांचा राग माझ्यावरच होता. टेम्पो बंद पडला तर उद्याचा बाजार कसा गाठायचा, ही बाय नाशिकवरून येऊन आमचं काय ठरवते, असा एकंदर सूर होता.

 हिराबायने मात्र मुलाला चाकातली हवा सोडायला लावली. मग खाली बसली आणि मासे कापायच्या कोयत्याच्या पाठीने टायरची कड दाबली. पॉलिशच्या खालून भेगा उघडल्या, उन्हात तडकलेल्या शेतासारख्या. तिने त्यांच्यात बोट घातलं.

"दोर असाच मरतो," ती बायकांना म्हणाली. "रोजच्या कामातला दोर कदी जाईल ते कळतं. पन उन्हात तसाच पडून राहिलेला नवा दोर, तो दर्यात नेऊन दगा देतो. वरून दिसत नाय."

तेवढं पुरे झालं. हरेशने दगड आणले. टेम्पोचा मागचा भाग उचलला आणि चाकं काढायला घेतली. मला वाटलं, जिंकले. मी पदराने तोंड पुसत उभी होते. हिराबाय उठली, कंबर सरळ केली आणि आमच्या पेटीपाशी गेली. तिला फेरी घातली. डावं चाक बघितलं, उजवं बघितलं. उजव्यापाशी ती थांबली.

"ह्यो पन त्यातलाच ना, बाय?"

मी म्हटलं, हो, पण तो नाशिकपर्यंत जाईल, तिथं बदलणार आहे. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ते मलाच ऐकू आलं. हरेश पान्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. तो हसला नाही, याबद्दल मी त्याचे आभार मानते.

हिराबाय म्हणाली, "माझ्या पोराच्या टेम्पोत बारा बायका असतात, म्हनून तुमी इतकं बोललात. तुमची ही गाडी घाटात सुटली तं समोर कोन आसंल, ते तुमाला ठावं हाय?"

मला ठाऊक होतं. एक माणूस, मागे त्याची बायको, तिच्या मांडीवर पिशवी. तीन दिवस मी मोहित्यांवर चिडले, हरेशवर चिडले, आणि तो राग घेऊन मी तोच टायर पालघर, केळवे, बोईसर, दांडी असा फिरवत होते. मला फार लाज वाटली. विजूने फोन काढून मासवणचा नंबर लावला.

त्या संध्याकाळी हिराबायच्या दारात दोन गाड्या दगडांवर उभ्या होत्या. आमचं घर आम्ही तिथंच उघडलं. हिराबायने तांदळाच्या भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण पाठवलं, ते मी खाली मान घालून जेवले. पहाटे बायका पाट्या घेऊन गल्लीत आल्या तेव्हा टेम्पो चाकांशिवाय होता. नाक्यापर्यंत डोक्यावर ओझी घेऊन चालत जायचं आणि मिळेल त्या रिक्षात घुसायचं, याबद्दल त्यांनी माझ्या तंबूसमोर उभं राहून जे म्हणायचं ते म्हटलं. मी आत जागी होते. 

दिवस वर आल्यावर अण्णा आला. मोटारसायकलवर मागे तीन टायर दोरीने बांधलेले. मला बघून त्याने नमस्कार केला, मासवणचं काहीही काढलं नाही. मीच माफी मागू लागले, तर त्याने हाताने थांबवलं आणि टायर माझ्यापुढे आडवा केला. "लगाने से पहले आप पढ़ो."

मी चष्मा लावून गुडघ्यांवर बसले आणि वाचलं. टायर काही महिन्यांपूर्वीचा होता. हिराबाय बाजार आटपून परतली होती, बायकाही होत्या. ती म्हणाली, मोठ्यानं वाच, म्हणजे ह्यांना पण कळंल. मग मी हजेरी घ्यावी तशी तिन्ही टायरांचे आकडे मोठ्याने वाचले. पहाटे सगळ्यांत जास्त बोललेल्या बाईने आकडे कुठं असतात ते बोट लावून बघून घेतलं. हरेशने आपले दोन बसवले. अण्णाने आमचा उजवा बसवला, हवा मोजली, नट आवळले.

जाताना तो थांबला. "चौथा भी पढ़ो, मॅडम," म्हणाला. चौथा म्हणजे डावा, त्याने मासवणला बसवलेला. तो मी कधी वाचलाच नव्हता. आता गाडीखाली शिरावं लागणार म्हणून मी विजूकडे आरसा मागितला. अण्णाने नको म्हणून मान हलवली.

आकडे बाहेरच्या अंगाला होते. टायर कोरा, याच वर्षीचा. पहिल्याच दिवशी त्याने ते मला दिसतील असे समोर ठेवले होते आणि मी चार दिवस त्यांच्या शेजारून ये-जा करत होते.